वेशीत सांगणे आणि वेशीवर टांगणे

शास्त्रवाचन : २ शमुवेल १३ व १५:१-६, यहोशवा २०, मत्तय १८:१-१७

आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांची सभा महिन्यातून एकदा उपासनेनंतर भरते. नल्लकुंट्यात मराठी घरे थोडी. शिक्षक चार, मुले वीस-बावीस, आणि सभेला चहा मात्र भरपूर. मागील पावसाळ्यातील एका सभेत पुढील तिमाहीचे पाठ वाटून घ्यायचे होते, ते बाजूलाच राहिले. एका तरुण शिक्षिकेने आपला फोन सर्वांपुढे धरला. त्यावर एका माणसाचे छायाचित्र, त्याचे नाव, गल्लीचा उल्लेख आणि खाली मजकूर होता : हा मनुष्य लहान मुलीवरील अत्याचाराबद्दल तुरुंगात जाऊन आला आहे, सध्या आपल्या भागात राहतो, सर्वांना कळवा.

"भाऊ, हे छापून मंदिराच्या फळ्यावर लावू या का? आयांना कळायला नको का?" तिने विचारले.

मी दोन मुलींचा बाप आहे. क्षणाचाही विचार न करता मी म्हणालो, "लावा."

तेव्हा आमच्या सर्वांत जुन्या शिक्षिकाबाई, ज्या सभेत सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "लावू या की. पण भाऊ, तुमच्या त्या पेटीमास्तरांचं नाव कोणत्या फळ्यावर लावलं होतं?"

बाईंचे माहेर मी पूर्वी राहत होतो त्याच गावचे. त्यांना सारे ठाऊक होते. त्या गोष्टीकडे मी पुढे येतोच. आज एवढेच सांगतो की त्या प्रश्नानंतर सभा फार वेळ चालली नाही, आणि त्या रात्री मी जो अभ्यास सुरू केला तोच हा पाठ आहे.

आपल्या मराठीत एखाद्याची अब्रू वेशीवर टांगतात. पवित्र शास्त्रातही वेस पुष्कळ ठिकाणी येते. तेथे वेशीत गावचे वडील बसलेले असतात आणि माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन त्यांच्यापुढे उभी राहतात. सभेत मी पहिल्या वेशीकडे धावलो होतो. दुसऱ्या वेशीत मी एकदा बसलेला होतो, आणि तेथे मी काय केले ते बाईंनी विचारले होते.

आधी कायद्याची वस्तुस्थिती पाहू, कारण तिच्याविषयी आमच्या सभेत कोणालाच नीट माहिती नव्हती. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही आपल्या देशात आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहखात्याने ती सुरू केली, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. आरंभीच तीत ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे असे सर्व तीत असते. परंतु ती पाहण्याचा अधिकार पोलिसांना व तपास करणाऱ्या यंत्रणांनाच आहे. तुम्हांआम्हांस ती उघडून पाहता येत नाही. म्हणून आपल्या देशात जेव्हा अशी "यादी" फोनवर फिरू लागते, तेव्हा ती त्या नोंदवहीतून आलेली नसते हे आधी समजून घ्यावे. शिक्षिकेने दाखवलेला मजकूर घेऊन मी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. त्या गल्लीत त्या नावाचा कोणी राहतच नव्हता.

अमेरिकेत तसे नाही. १९९४ च्या जुलैत न्यू जर्सी राज्यात मेगन कांका ही सात वर्षांची मुलगी समोरच्या घरातील माणसाकडून मारली गेली. त्याला पूर्वी असल्याच गुन्ह्यांची शिक्षा झालेली होती, आणि शेजारी राहूनही तिच्या आईबापांस ते कोणी सांगितले नव्हते. आम्हांस कळले असते तर आमची मुलगी आज जिवंत असती, असे ते म्हणाले. सुमारे तीन महिन्यांत त्या राज्याने कायदा केला, १९९६ मध्ये तो साऱ्या देशास लागू झाला, आणि आता तेथे कोणीही आपल्या वस्तीतील अशा गुन्हेगारांची नावे व घरे पाहू शकतो. मेगनच्या आईबापांचे म्हणणे खोडून काढण्याचे धैर्य माझ्यात नाही. ज्यांनी मूल गमावले त्यांच्यापुढे आकडे घेऊन उभे राहू नये.

तरीही त्यानंतर काय झाले हे पाहिलेच पाहिजे. २००६ च्या एप्रिलमध्ये मेन राज्यात एका तरुणाने अशा यादीतून पत्ते काढून दोन माणसांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यांपैकी एकाचा गुन्हा असा होता की तो एकोणीस वर्षांचा असताना त्याची मैत्रीण सोळा वर्षांस थोडी कमी होती. प्रेस्कॉट व रॉकॉफ या दोन अभ्यासकांनी २०११ साली या कायद्यांचा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. पोलिसांकडे नोंद राहिल्याने गुन्हेगाराच्या ओळखीतल्या माणसांवरील गुन्हे घटतात, असे त्यांस दिसले. नाव जाहीर होईल या भीतीने काही नवे लोक गुन्ह्यापासून मागे फिरतात, हेही दिसले. पण ज्यांची नावे आधीच चव्हाट्यावर आली आहेत ते पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण त्यामुळे कमी न होता उलट वाढू शकते. कारण उघड आहे. ज्याला घर नाही, काम नाही आणि गमावण्यासारखे काही उरले नाही, त्याला कोणते भय थोपवणार?

ब्रिटनने दोन्ही वेशी पाहिल्या. २००० च्या जुलैत सारा पेन ही आठ वर्षांची मुलगी मारली गेल्यावर एका वृत्तपत्राने गुन्हेगारांची नावे व छायाचित्रे छापण्याचा सपाटा लावला. पोर्टस्मथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत अनेक रात्री दंगल झाली, घरांवर दगड पडले, निरपराध कुटुंबांसही घर सोडावे लागले. वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या घरावर कोणी शिवी रंगवली, कारण इंग्रजीत तिच्या व्यवसायाचे नाव आणि त्या गुन्हेगारांचे नाव कानाला सारखे लागते! पुढे २००८ पासून काही भागांत व २०११ पर्यंत साऱ्या इंग्लंड-वेल्समध्ये निराळी पद्धत आली. माझ्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या अमुक माणसाविषयी काळजीचे कारण आहे काय, असे आईबाप पोलिसांस विचारू शकतात. कारण असेल तर ज्याला मुलाचे रक्षण करायचे आहे त्यालाच पोलीस सांगतात, आणि ते स्वतःपाशी ठेवावे अशी त्याच्याकडून हमी घेतात. ही योजना साराच्या नावानेच ओळखली जाते.

आता नल्लकुंट्याकडे परत येऊ. तेलुगूत नल्ल म्हणजे काळे आणि कुंटा म्हणजे तळे. पण परगावचा माणूस या भागाला ओळखतो तो तळ्यावरून नव्हे, फीव्हर हॉस्पिटलवरून. पटकी, घटसर्प, पिसाळलेले कुत्रे चावणे, असल्या रोगांसाठी सारा प्रदेश येथे येतो. त्या फाटकावरून रोज जाताना मला एक गोष्ट सुचली. पटकीचा रोगी सापडला तर त्याची खबर आरोग्यखात्यास द्यावीच लागते. डॉक्टर म्हणू शकत नाही की हे घराण्याचे गुपित आहे. पण म्हणून तो रोग्याचे नाव रस्त्यावर लावत नाही. २०२० साली कोरोनाच्या काळात घरांवर कागद चिकटवले गेले, तेव्हा काय झाले ते आपण पाहिले. शेजाऱ्यांनी दूध-भाजी बंद केली, आणि पुष्कळांनी कागदाच्या भीतीने ताप लपवला. शेवटी ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश असल्याखेरीज असे कागद लावू नयेत. ही तुलना शेवटपर्यंत ताणू नये, कारण रोग्याचा काही अपराध नसतो आणि येथे तर घोर अपराध आहे. पण खबर देणे निराळे आणि कागद चिकटवणे निराळे, एवढे त्यावरून ध्यानात येते.

येथे कागद चिकटवण्याची आणखी एक किंमत आहे, आणि ती मूल भरते. गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार बलात्काराच्या शंभरांतील शहाण्णव गुन्ह्यांत आरोपी हा ओळखीचा होता : नातलग, शेजारी, मित्र, मालक. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. त्यांतील बहुतेकांनी तोवर ते कोणाला सांगितले नव्हते. अशा स्थितीत मामाचे नाव फळ्यावर लावले तर भाची कोण हे शोधायला कोणाला कष्ट पडणार आहेत? म्हणूनच मुलांच्या रक्षणाच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब, शेजार यांपैकी काहीही वृत्तपत्रादी माध्यमांतून प्रसिद्ध करण्यास मनाई करते. आणि ती ४ लाख ४० हजारांची नोंदवही? जे पकडले गेले व दोषी ठरले तेवढेच तिच्यात आहेत. आमचे पेटीमास्तर तिच्यात नाहीत.

आता शास्त्राकडे वळू. वाचकांनी २ शमुवेलाचा तेरावा अध्याय समोर घ्यावा. पदविकेच्या अभ्यासात आम्हांला तो दावीदाच्या वारसांच्या भांडणाचा आरंभ म्हणून शिकवला गेला. तामारेविषयी कोणी काही बोलल्याचे मला आठवत नाही, आणि मीही विचारले नाही.

या अध्यायात कोणाला काय ठाऊक होते एवढेच शोधत जा. दावीदाचा पुतण्या योनादाब याने आजाराचे सोंग घेण्याची युक्ती सांगितली, म्हणून तो आधीपासून जाणत होता. तामारेला अम्नोनाच्या घरी कोणी पाठवले? सातवे वचन पाहा : खुद्द राजाने, तिच्या बापाने. तो फसला हे खरे, पण त्याच्याच शब्दावर ती गेली. तामार स्वतः गप्प राहिलेली नाही. आधी तिने अम्नोनाला रोखण्यासाठी शहाणपणाचे बोल ऐकवले. नंतर तिने डोक्यावर राख घातली, राजकन्येचा पायघोळ झगा फाडला आणि आक्रोश करीत ती रस्त्याने गेली. ज्यांना असे वाटते की पीडितांनीच वेळेवर सांगायला हवे होते, त्यांनी एकोणिसावे वचन पुन्हा वाचावे. तिने साऱ्या यरुशलेमेदेखत सांगितले होते. तिला गप्प बसवले ते विसाव्या वचनात, आणि ते तिच्या सख्ख्या भावाने, मायेने. तो तुझा भाऊ आहे, हे मनाला लावून घेऊ नको, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. आपल्या घरांत आणि आपल्या कमिट्यांत हेच बोलणे किती गोड आवाजात केले जाते!

एकविसाव्या वचनात दावीदाला सर्व कळते आणि तो अतिशय रागावतो. मग? पुढच्या वचनात काय आहे ते शोधू लागलो तर काहीच सापडत नाही. राजाने अम्नोनाला बोलावले नाही, तामारेला भेटला नाही, चौकशी नेमली नाही. त्याचा राग खरा होता, पण तो राजवाड्याबाहेर पडला नाही. दोन वर्षे गेली. मग मेंढरांची लोकर कातरण्याच्या मेजवानीत अबशालोमाने अम्नोनाला मारविले. त्या वेळी योनादाब शांतपणे राजाला समजावतो की त्या दिवसापासूनच हे ठरलेले होते. म्हणजे त्यालाही दोन वर्षे माहीत होते! तामार मात्र भावाच्या घरात उजाड होऊन राहिली. सुडाने तिला काय मिळाले हे शास्त्र सांगत नाही.

आता पंधरावा अध्याय उघडा. हाच अबशालोम पहाटे उठून वेशीच्या वाटेवर उभा राहतो. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवतो आणि सांगतो की तुमचे म्हणणे खरे आहे, पण राजाने ऐकून घ्यायला कोणी नेमलेला नाही. लोकांना ते पटले, कारण ते अर्धे खरे होते. त्याच्या बहिणीचे गाऱ्हाणे राजाने ऐकले नव्हते. वेस रिकामी पडली की तेथे अबशालोम येऊन उभा राहतो. आमच्या शिक्षिकेच्या हातातील फोन म्हणजे असाच एक अबशालोम होता, असे मी म्हटले तर तिने रागावू नये. वेस रिकामी पाडणाऱ्यांत मी होतो.

हैदराबादकरांस हे निराळे सांगायला नको. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर शहराबाहेर एका तरुण पशुवैद्य भगिनीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर तिचे खरे नाव व छायाचित्र घरोघरी पोचले. एक वर्ष आधीच सर्वोच्च न्यायालयाने मृत पीडितेचेही नाव उघड करू नये असे सांगितलेले होते. पोलिसांना मागाहून तिला "दिशा" हे नाव द्यावे लागले. चारही आरोपींची तोंडे साऱ्या देशाने पाहिली. ६ डिसेंबरच्या पहाटे ते चौघे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आमच्या मंडळीतही त्या रविवारी आभार मानले गेले, आणि मी आमेन म्हटले. पुढे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने, ज्याचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, ठरवले की पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वसनीय नाही आणि चौघांपैकी तिघे अठरा वर्षांच्या आतले होते. त्यांनी गुन्हा केला होता काय, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. २०२४ साली बदलापुरात शाळेतील चिमुरड्यांच्या प्रकरणात पुन्हा जवळजवळ हाच क्रम झाला. तक्रारीला उशीर, लोकांचा रेल्वेरुळांवर उद्रेक, आणि सुमारे महिन्याभरात आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मृत.

आणि जेव्हा आरोपीही नसतो, नुसता निरोप असतो तेव्हा? मे २०१८ मध्ये आपल्याच शहरातील चांद्रायणगुट्ट्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीस ठार मारले. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. भटक्या लोकांना यादीत घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्माने गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या, आणि ती नोंद पुसायला १९५२ साल उजाडले. सोलापूरच्या वसाहतीची देखरेख काही काळ आपल्या अमेरिकन मराठी मिशनकडे होती, हे आपल्यापैकी जुन्यांना ठाऊक असेल. त्या लोकांवर न्यायालयात काही सिद्ध झालेले नव्हते, म्हणून ती गोष्ट आणि ही गोष्ट एक नाही. पण यादी एकदा भिंतीवर गेली की ती मुलाबाळांच्या कपाळी येते, हे तेथे दिसले.

यहोशवाच्या विसाव्या अध्यायातील आश्रयनगरे या दृष्टीने वाचावीत. ज्याच्या हातून चुकून मनुष्यवध झाला तो नगरात लपून शिरत नाही. तो वेशीशी उभा राहून वडिलांच्या कानी आपली हकीकत घालतो. कोण आला आहे हे नगराला माहीत असते, म्हणून तेथे लपवाछपवी नाही. पण सूड घेणाऱ्याच्या हाती त्याला देत नाहीत, आणि मंडळीपुढे न्याय व्हायचा असतो. अत्याचार हा चुकून होत नाही, म्हणून आश्रयनगराची सवलत तेथे लागू करू नये. मी येथून केवळ वेशीची रीत घेतो आहे : ऐकणारे वडील, सांगणारा माणूस आणि पुढे होणारा न्याय.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाविषयी मात्र थोडे कडक बोलावे लागेल. अपराध करणाऱ्या बंधूला आधी एकांतात गाठून सांगावे, मग एक-दोघांस बरोबर घ्यावे, मग मंडळीस कळवावे, ही पंधराव्या वचनापासूनची शिकवण आम्ही कमिटीत पाठ म्हणून दाखवली होती. त्या आईला आम्ही म्हणालो की आधी तुम्ही एकांतात त्यांच्याशी बोला. चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला! अध्याय पहिल्या वचनापासून वाचला असता तर प्रभूने मध्ये एक लहान मूल उभे केलेले दिसले असते, आणि सहाव्या वचनातील जात्याची तळी दिसली असती. दोन बंधूंमधील कुरबुरीसाठी दिलेली वाट आम्ही गुन्हेगाराच्या सोयीसाठी वापरली.

आता ती गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या गावी एका मंडळीच्या कमिटीचा चिटणीस होतो. पेटी शिकवणारे एक गृहस्थ होते. गाणे उत्तम, प्रार्थना त्याहून उत्तम. एका मुलीने आईला काही सांगितले. आई आमच्याकडे आली. आम्ही तीन बैठका घेतल्या. गृहस्थ रडले, चुकलो म्हणाले. मंडळीचे नाव खराब होईल, मुलीचे लग्न अडेल, अशा सर्वमान्य कारणांवर एकमत झाले. त्यांनी गाव सोडावे असे ठरले, आणि नव्या गावच्या मंडळीने नेहमीप्रमाणे सभासदत्वाचे पत्र मागितले. माझे अक्षर चांगले, म्हणून ते मी लिहिले. वर्तणूक समाधानकारक, संगीतसेवेत विशेष उपयोगी. खाली माझी सही.

असली पत्रे फक्त आपणच लिहिली असे नाही. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती शिबिरांचे पुढारी व बॅरिस्टर जॉन स्मिथ यांनी मुलांचा जो छळ केला त्याचा गुप्त अहवाल १९८२ मध्येच तयार झाला होता. पोलिसांकडे कोणी गेले नाही, ते आफ्रिकेत गेले आणि तेथील मुलांवरही तेच ओढवले. चौकशीचा अहवाल २०२४ च्या नोव्हेंबरात आल्यावर कँटरबरीच्या आर्चबिशपांना पद सोडावे लागले. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांची हकीकत तर आपल्या विषयाच्या अगदी मर्माची आहे. पीडित लोक वर्षानुवर्षे मागत होते की आरोप असलेल्या सेवकांची यादी ठेवा, म्हणजे ते एका मंडळीतून दुसरीत जाणार नाहीत. पुढारी म्हणत, आमची प्रत्येक मंडळी स्वतंत्र, अशी यादी ठेवता येत नाही. मे २०२२ च्या चौकशीत निघाले की कार्यालयात यादी होतीच, सातशेहून अधिक नोंदींची. फक्त ती कोणाला दाखवली नव्हती.

आपल्या देशाचा कायदा आता या बाबतीत स्पष्ट आहे, आणि मी पत्र लिहिले तेव्हाही होता. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे ज्याला कळेल त्याने, मग तो कोणीही असो, पोलिसांस कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्यावर खटला होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, जे १९५६ पूर्वी आपल्या हैदराबाद राज्यातच होते, तेथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांवर न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले. शिक्षकांनी हेही जाणावे की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे, साध्या पोशाखातील, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. आपल्या शहरात २०१६ पासून पोलिसांचे "भरोसा" केंद्र याच कामासाठी आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

मग शिक्षा भोगून आलेला माणूस मंडळीच्या दाराशी आला तर? हा प्रश्न आमच्या सभेत शेवटी निघालाच. काइनावरील चिन्हाला आपण कलंक म्हणतो, पण उत्पत्ती ४:१५ प्रमाणे ते कोणी त्याला ठार मारू नये म्हणून होते. त्याला उपासनेत जागा आहे. मुलांच्या वर्गात नाही, आयुष्यभर नाही. पाळक, वडील, शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि ज्यांची मुले त्याच्या वाटेत येऊ शकतात ते आईबाप, यांना ते त्याच्या देखत सांगितलेले असावे. एका वडिलांनी त्याच्याबरोबर बसावे, त्याच्याबरोबरच बाहेर पडावे. काही जणांना हे कठोर वाटले. मला वाटते, खरा पश्चात्ताप झालेला मनुष्य मुलांच्या खोलीची किल्ली मागत नाही.

शिक्षकांसाठी थोडे. लहान वर्गांस तेरावा अध्याय शिकवू नये. त्यांना एवढेच शिकवावे की भीती वाटेल असे गुपित ठेवायला कोणी सांगितले, मग तो कोणीही असो, तर ते गुपित ठेवायचे नाही. मोठ्या वर्गात मात्र अध्याय मोठ्याने वाचावा आणि प्रत्येकाने एक पात्र घेऊन त्याला काय माहीत होते व त्याने काय केले ते सांगावे. दावीद कोणी घ्यायला तयार होणार नाही, तो शिक्षकाने घ्यावा. २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करून घ्यावयाची असते. आमच्या चौघांचे अर्ज गेले आहेत. फळ्यावर कोणाचे छायाचित्र लागले नाही. १०९८ लागले आहे, आणि वर्गाचे दार उघडे ठेवावे अशी सूचना.

मग मी त्या मुलीला भेटायला गेलो. ती आता नोकरी करते. मी क्षमा मागितली, तिने चहा दिला. पोलिसांत जायचे आहे असे सांगितल्यावर तिने प्रथम विचारले, "माझं नाव कुठे येणार नाही ना?" मी कलम २३ सांगितले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ते आता कुठे शिकवतात?"

मला ठाऊक नव्हते. तिच्याबरोबर ठाण्यात जाऊन आल्यावर मी त्या गावच्या पाळकसाहेबांना दुसरे पत्र लिहिले, पहिल्याची तारीख वर घालून. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारले की हे पत्र त्याच वर्षी का आले नाही, आणि मी उत्तर देण्याआधीच त्यांनी तीन मुलांची वये सांगितली.